पुढची होडी

९ मे

ही वही तिसऱ्या तंबूतली पाहुणी विसरून गेली. पहिल्या पानावर तिने बगळा काढलाय, पण पाय काढायचे राहिलेत, त्यामुळे तो बगळा कुठेच उभा नाही. ओनालेन्नाबाई म्हणाल्या, "ठेव तुलाच. काहीतरी लिहीत बस, म्हणजे स्वयंपाकघरात येऊन बडबड करणार नाहीस." बाई कॅम्पच्या मॅनेजर आहेत, त्यांचं ऐकावं लागतं.

तर मी मोसेत्सानागापे. अर्थ, 'परत मुलगीच'. हे नाव आहे की तक्रार, ते आईला विचारायचं राहिलं. सगळे गापे म्हणतात. शाळा अर्ध्यात सोडली, मग माउनला बायकांच्या वेण्या घातल्या, गांझीला पेट्रोल पंपावर उभी राहिले, कासानेला नदीकाठी रिचार्ज विकले. कुठल्याच जागी दुसरा हिवाळा मी अजून पाहिलेला नाही. त्यात मामाचा निरोप आला की पोरीला पाठव, माझ्या होडीत बसायला माणूस हवंय.

मोनागेंगमामा इथला पुढचा होडीवाला. पाहुण्यांच्या होड्या मागून येतात, प्रत्येकीत दोन पाहुणे बसलेले आणि पाठीमागे काठी घेऊन उभा एक होडीवाला. मामाची होडी सगळ्यांच्या पुढे, पाहुण्यांशिवाय. लव्हाळ्याच्या वळणापलीकडे पाणघोडा आहे का, हे त्याने आधी ओळखायचं आणि होडीच्या कडेवर काठी ठोकायची. एकदा ठोकलं की थांबा. दोनदा ठोकलं की या. मागच्यांनी तसंच ठोकून उत्तर द्यायचं. माझ्या जन्माआधीपासून मामा हे करतोय आणि त्याच्या मागून आलेल्या कुणाला कधी ओरखडा आलेला नाही.

माझं काम म्हणजे चहाची टोपली सांभाळत पुढे बसायचं. माणूस यासाठी हवं होतं होय?

१३ मे

मामा मला उलटं बसवतो. म्हणजे पाठ पुढे, तोंड त्याच्याकडे. मी म्हटलं, "मामा, मला पुढचं काही दिसत नाही."

"पुढचं मी बघतो. तू ऐक," तो म्हणाला. "जे ऐकू येईल, त्या दिशेला हात कर. पाणघोडा फुसकारला तर मूठ. बाकी सगळ्याला उघडा पंजा."

"बाकी सगळं म्हणजे?"

"जे असेल ते. पक्षी, बेडूक, विमान."

मग काय, दिवसभर मी वाहतुकीच्या पोलिसासारखी. मागच्या होडीतला थुसो हसून हसून पाण्यात पडायचा बाकी होता. थुसो आमच्यात सगळ्यात उंच आणि सगळ्यात तोंडाळ. परत आल्यावर म्हणाला, "गापे, तुझ्या मामाने तुला कामाला ठेवलंय की वाऱ्याची दिशा बघायला टांगलंय?"

मामा मला गाइडच्या परीक्षेसाठी तयार करतोय, हे त्या लांबड्याला कळणार नाही. मलाही आज दुपारीच कळलं. नाहीतर साध्या बेडकाला हात कशाला दाखवायचा?

१४ मे

मामाने मला त्याचा रेडिओ देऊन टाकला. बॅटरी खातो म्हणे. चांगला चालतो की. बातम्यांत सांगितलं, वर अंगोलात पाऊस कमी झालाय, पूर उशिरा येणार.

१७ मे

पाणी रोज उतरतंय. कॅम्पसमोरच्या डोहात एवढे पाणघोडे दाटीवाटीने बसलेत की एकाने कूस बदलली तर सगळ्यांना बदलावी लागते. काल तिथे मारामारी झाली. एक नवा तरणा नर आलाय, त्याने जुन्या म्हाताऱ्याला हुसकावलं. म्हाताऱ्याच्या खांद्यावर उलटी फाटलेली जखम आहे, आतलं गुलाबी मांस दिसतं. तो आता डोहात नाही. कुठे गेला ते कुणालाच माहीत नाही. एवढं मोठं जनावर आणि एवढंसं पाणी, तरी सापडत नाही.

आमचा स्वयंपाकी बोइकान्यो आज ज्वारीचं पीठ मळताना म्हणाला, "डोहातला पाणघोडा म्हणजे घरात बसलेला नवरा. कुठे आहे ते माहीत असतं. मला भीती त्याची, जो घराबाहेर काढलाय."

"तुला तुझ्या बायकोने काढलं तेव्हा तू काय केलंस?" मी विचारलं.

"मी स्वयंपाकी झालो," तो म्हणाला. "तेव्हापासून लोक मरतायत, पण हळूहळू."

सगळे हसले. मामाही हसला, पण सगळ्यांचं हसून झाल्यावर. तो हल्ली तसाच आहे, एका वाक्याने मागे. वय झालं की माणूस विनोद आधी चावून बघत असावा.

२० मे

मामाची एक गोष्ट कुणाला सांगितलेली नाही, इथेच लिहिते. अरुंद पाणवाटेत वळण आलं की तो थांबतो, काठी तळाला टेकवतो आणि तिचं वरचं टोक दातांत धरतो. डोळे मिटतो. मग काठी काढून पुढे जातो.

मी विचारलं, "पूर्वजांना नमस्कार करतोस का?"

तो माझ्या तोंडाकडे बघत राहिला, मग म्हणाला, "तसंच काहीसं."

आज तो काठावर उतरला होता तेव्हा मीही करून पाहिलं. काठी डोहाच्या पाण्यात बुडवून टोक चावलं. आधी काही नाही. मग दाढेत गुरगुरल्यासारखं झालं, मुंग्या थेट कानापर्यंत. मी घाबरून सोडून दिली. म्हणजे पूर्वज आहेत. मामी गेली तीही असेल तिथेच. तिला मी आवडायचे नाही.

२२ मे

आज थुसोचं डोकं फिरलं होतं. मामा काठावर मासे साफ करत होता, आमच्याकडे पाठ. थुसो त्याच्या मागे जाऊन उभा राहिला आणि साध्या आवाजात, जसं मीठ मागावं तसं, म्हणाला, "काका, तुमची होडी आता मला द्या. तुम्ही म्हातारे झालात. गावी जाऊन दुकानासमोरच्या बाकावर बसा."

 बोइकान्योच्या हातातली पळी तशीच राहिली. मामा मासे साफ करतच राहिला. एक खवला उडून त्याच्या गालाला चिकटला, तोही त्याने पुसला नाही.

याला म्हणतात मान राखणं. मी त्याच्या जागी असते तर माशासकट सुरी फेकली असती.

थुसोने माझ्याकडे बघितलं. त्याच्या चेहऱ्यावर मस्ती नव्हती, उलट पोटात दुखल्यासारखा दिसत होता. म्हणाला, "गापे, काल मी पाच-सहादा ठोकलं मागून. काका एकदाही वळले नाहीत."

"तुझ्या ठोकण्याला कोण विचारतं?" मी म्हटलं.

संध्याकाळ व्हायच्या आत मी मामाला समोर बसवून सगळं सांगितलं, शब्दाला शब्द.  मामाने विचारलं, "बोलताना तो हसत होता का?"

"नाही."

"उद्यापासून थुसोची होडी माझ्या लगेच मागे," मामा म्हणाला.

बरी शिक्षा झाली. आता त्याच्यावर नजर राहील.

२३ मे

पुरवठ्याची मोटारबोट उद्या माउनला जातेय. मी जाऊन येते म्हटलं. माझ्या वेण्या बघवत नाहीत.

मामा म्हणाला, "नको जाऊस."

"दोन दिवसांत येते."

"गापे, नको जाऊस." कारण सांगेना. माझा हात धरला आणि सोडलाच नाही, मी पाच वर्षांची असल्यासारखा. मला राग आला. माणसाने कारण तरी सांगावं. मी या असल्या धरण्यामुळेच प्रत्येक ठिकाण सोडलंय.

बहुतेक २८ मे

माउनला दोन दिवसांचे जास्त झाले. एक ट्रकवाला भेटला, सेफालाना नावाचा. वॉल्विस बेला मीठ आणायला चालला होता. म्हणाला, चल, समुद्र दाखवतो. मी समुद्र पाहिलेला नाही. पिशवी भरलीसुद्धा. मग त्याच्या ट्रकचा गिअर अडकला आणि तो ट्रकखाली शिरून ट्रकच्या आईला शिव्या घालायला लागला, त्यात दुपार गेली. मी तिथे बसून माग्विन्या खाल्ल्या, म्हणजे तळलेले पिठाचे गोळे, गरम, तेल गळणारे, आणि का कुणास ठाऊक, मामाची पकड मनगटाला जाणवायला लागली. परत आले.

इथे येऊन बघते तर मी नसताना मामा सगळे दिवस तापाने तंबूत. होड्या निघाल्याच नाहीत, पाहुण्यांना गाडीतून फिरवलं. आणि मी काठावर पाय ठेवला, तर हा बाहेर येऊन पेज मागतोय.

बोइकान्यो म्हणाला, "तू औषधच आहेस गं. फक्त कडू."

बाई मात्र हसल्या नाहीत. आधी माझ्याकडे, मग मामाकडे बघितलं आणि आत निघून गेल्या.

पाणी अजून नाही. कमळाची पानं चिखलावर पसरलीत, देठ उघडे पडलेत. सकाळी पक्षी ओरडतात तेवढेच, नंतर सगळं गप्प. हात करायलाही काही नसतं.

३० मे

लिहायला बसले की दुसरंच काहीतरी आठवतं. सेफालानाचा ट्रक. बगळा. आज ते चालणार नाही.

सकाळी निघालो. ऊन अंगावर आलं होतं. मागे थुसो, त्याच्या होडीत एक नवराबायको. त्यामागे आणखी दोन होड्या. पाणवाट इतकी अरुंद झालीय की लव्हाळी दोन्ही खांद्यांना लागतात. मामाने वळणावर काठी दातांत धरली, थांबला, मग दोनदा ठोकलं. थुसोने उत्तर दिलं. मी पंजा केला, खंड्या पक्षी, डावीकडे.

आम्ही खोल जागेतल्या कमळांवरून गेलो. होडीच्या तळाला पानं घासली. मी नेहमीसारखी उलटी बसलेली, मामाच्या दोन पायांमधून मागचं पाणी दिसत होतं.

आम्ही गेलो त्याच जागी पानं वर उचलली गेली. आधी वाटलं, होडीची लाट असेल. मग पानांखालून खांदा निघाला, आणि त्याच्यावरची ती जखम, आता काळी पडलेली, माशा बसलेली. आम्ही त्याच्यावरूनच आलो होतो. तो तोवर श्वास धरून गप्प पडला होता.

थुसोने ठोकलं. एकदा नाही, ठोकतच राहिला. मग ओरडला, "काका, थांबा, काका." पाहुणी किंचाळली. मागच्या होडीवालेही ओरडत होते. त्या अरुंद जागेत तो आवाज माझ्या छातीवर येऊन आदळत होता.

आणि मामा माझ्याकडे बघून हळूच हसला, काठी रोवली, पुढे रेटली. चहाला थांबायची जागा जवळ आली की तो तसा हसतो.

मी हात केला नाही. हात वर जाईना. मी त्याच्या चेहऱ्याकडे बघत राहिले आणि मला सगळं एकदम कळलं. माझा चेहरा बघून त्याचं हसू गेलं, मग तो वळला.

पाणघोड्याने थुसोची होडी मधोमध उचलली. नवराबायको लव्हाळ्यात फेकले गेले, बाईचं मनगट मोडलं, एवढ्यावर निभावलं. थुसो पाण्यातच उभा राहून काठीने जनावराच्या तोंडावर मारत होता, पाहुणे बाहेर निघेपर्यंत. मग जनावराने थुसोची मांडी तोंडात धरली.

विमान दुपारी येऊन त्याला घेऊन गेलं. थुसो जिवंत होता. मला बघून काहीतरी म्हणाला, पण इंजिनाच्या आवाजात मला ऐकू आलं नाही.

१ जून

सगळे मामाला भित्रा म्हणतायत. पुढच्या होडीवाल्याने मागच्यांना सोडून पळणं, यापेक्षा वाईट आमच्यात काही नाही. बोइकान्यो त्याचं ताट वाढतो आणि न बोलता जमिनीवर ठेवतो.

बाईंनी विचारलं तेव्हा मामानेच सांगितलं होतं, "ऐकलं मी. घाबरलो."

आज मी त्याला झाडामागे नेलं आणि समोर उभी राहिले. "खोटं का बोललास?"

 तो म्हणाला, "आधी बारीक पक्षी गेले. मग बेडूक. मला वाटलं, पाणी कमी झालं म्हणून तेही कमी झाले असतील. मग तुझ्या मामीचा आवाज गेला. मग मामीच गेली, त्यामुळे घरात कुणाला कळलं नाही."

"बाईंना सांग."

"भित्र्याला लोक पुन्हा संधी देतात, गापे. एकदा घाबरला, परत नाही घाबरणार म्हणतात. बहिऱ्याला कोण होडी देईल?"

"थुसोचा पाय जाईल, मामा."

"थुसोला मी मागे का ठेवलं? माझ्यानंतर त्याचेच कान चांगले." त्याचा आवाज मोठा झाला, तो त्याला कळला नाही. झाडावरची माकडं पळाली. "तू हात केला असतास तर काही झालं नसतं. तू नुसती बघत बसलीस."

हे खरंच आहे. खरं आहे का? मी दिवसभर तेच घोकतेय. जनावर माझ्या डोळ्यांसमोर वर आलं, मामाच्या कानाशी त्याचा काय संबंध? पण मागून ओरडत होते ते तर...

त्याने पुढे म्हटलं, "तू असलीस की मला ऐकू येतं. तू फक्त जाऊ नकोस."

३ जून

रात्रीत पाणी आलं. आभाळात ढगाचा तुकडा नाही आणि पाणी वाळूवरून सरकत येतंय, पुढे फेस, काड्या, मेलेले किडे घेऊन. मासे त्याच्या आधी पोचले, मग बगळे. डोह रुंद झाला. पाणघोडे पांगले, आता कोण कुठे आहे कुणालाच माहीत नाही. म्हाताराही असेल कुठेतरी.

बाई खूश आहेत. शनिवारी नवे पाहुणे. होडीवाले कमी आहेत म्हणून मामा परत पुढे.

मी त्यांच्या तंबूत गेले. म्हटलं, "बाई, मामाबद्दल सांगायचंय."

त्या कंदिलाची काच पुसत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "सांगू नकोस."

"तुम्हाला माहीत नाही काय ते."

"म्हणूनच म्हणते, सांगू नकोस. तू सांगितलंस की मला माहीत होईल. मग मला वर कळवावं लागेल, आणि तपासणीवाले येऊन सगळ्याच होड्या काठावर चढवतील. या मोसमात पाणी आधीच उशिरा आलंय. बोइकान्यो, मागचे दोघे, धुणीवाली, सगळे घरी." काच उजेडाला धरून बघितली. "तू आहेस ना त्याच्या होडीत. तुझे कान चांगले आहेत. मी तुला ठेवून घेतलं ते काय टोपलीसाठी?"

बाहेर आले तेव्हा कुठे कळलं. म्हणजे मी कुणाची भाची म्हणून इथे नव्हते. मला कानासारखं लावून ठेवलं होतं.

४ जून

निघून जायचा विचार केला. मला जायला जमतं, तेवढं एक मला नीट येतं. मी गेले तर मामाला परत ताप येईल. पण किती दिवस? कधीतरी बाई म्हणतील, आता पुरे आजारपण, आणि तो काठी उचलून एकटा निघेल, मागे होड्या घेऊन. मला त्याची पाठ दिसते. आणि ते सगळे ओरडतायत.

आणि राहिले तर? राहिले तर रोज सकाळी उलटी बसायचं, आणि एखाद्या दिवशी मला बगळा दिसेल, किंवा ट्रक आठवेल. मी मला ओळखते.

६ जून, शनिवार

पाहुणे फ्रान्सिसटाउनचे निघाले. दोघी बहिणी, मोठी निवृत्त नर्स, आणि धाकटीचा नवरा, ज्याला पोहता येत नाही आणि जो हे सगळ्यांना हौसेने सांगत होता. "मी बुडालो तर माझी टोपी तेवढी वाचवा," तो बोइकान्योला म्हणत होता. "डोकं मिळतं, चांगली टोपी मिळत नाही."

नाश्त्याला ज्वारीची पेज, आंबवलेलं दूध, पाव. टेबल काठाजवळच मांडलेलं. मामा खाली पाण्यात उभा राहून होडीतलं पाणी उपसत होता, आमच्यापासून हाकेच्या अंतरावर. पाठ नव्हती, तोंड आमच्याकडेच. मान वर केली असती तर माझे ओठ दिसले असते. म्हणून मी टेबलाच्या या बाजूला आले, त्याच्याकडे पाठ केली, बहिणींसमोर उभी राहिले.

बाई तंबूच्या दारात होत्या. त्यांनी मला जागा बदलताना बघितलं. "गापे, टोपली भर," त्या म्हणाल्या.

मी म्हटलं, "आजी, मला एक सांगायचंय."

नर्सआजींनी चमचा खाली ठेवला. "सांग बाळा."

"तो खाली होडीत आहे, तो माझा मामा आहे. तो पुढच्या होडीत असतो, पाणघोड्याचा आवाज आला तर तुम्हाला थांबवायला. त्याला ऐकू येत नाही. काहीच येत नाही. मागच्या शनिवारी त्याच्या मागचा माणूस ओरडत होता आणि त्याला कळलं नाही."

मी मोठ्याने सांगितलं. माझा आवाज पाण्यावर गेला, पलीकडच्या काठावरून पाणपाखरं उडाली.

बोइकान्योच्या हातातला जग वाकडा झाला आणि दूध टेबलावर सांडत राहिलं. बाई दारातून हलल्या नाहीत. टोपीवाल्याने टोपी काढली. मग आजी माझ्या खांद्यावरून पलीकडे बघायला लागल्या, मग त्यांची बहीण, मग तो, मग सगळेच.

मी वळले. मामाने त्यांना आपल्याकडे बघताना पाहिलं. पाहुणे निघायच्या आधी होडीवाल्याकडे बघतातच. त्याने ओला हात पँटला पुसला, वर केला, आणि मोठ्या आवाजात म्हणाला, "या, या. आज पाणी छान आहे."

कुणी हात केला नाही.

त्याचा हात तसाच वर राहिला. मग त्याने माझ्याकडे पाहिलं. "काय झालं गं? काय म्हणतायत?"

मी उतार उतरून पाण्यात गेले, तो उभा होता तिथपर्यंत. सूर्य माझ्या मागे होता, म्हणून फिरून दुसऱ्या बाजूला आले, म्हणजे ऊन माझ्या तोंडावर पडेल. पाणी गार होतं. मी त्याचा वर राहिलेला हात खाली घेतला, धरून ठेवला आणि तेच सगळं त्याला पुन्हा सांगितलं, सावकाश, एकही शब्द न गाळता.